गेलेल्या माणसाचा हप्ता

"विचार करून सांगतो," असं दशांशराव बँकेतल्या कर्जाच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाले, आणि सगळं तिथेच बिनसलं. बाकीची माणसं बँकेत जिथे पेन्सिलीची फुली असेल तिथे सही करतात, घरी येऊन जेवतात आणि पुढची वीस वर्षं कुरकुरतात. पण दशांशराव वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तराजूच्या दांडीत केसाएवढा फरक दिसला तरी ते दुकानदाराला दुकानाबाहेर काढत. ऑफिसातल्या लोकांनी त्यांचं नाव 'दशांश' ठेवलं ते चेष्टेने. त्यापुढचा 'राव' मात्र त्यांचा त्यांनीच लावून घेतला होता.

बाईंनी आपलं काम नीट केलं होतं. घर बांधायला पैसे टप्प्याटप्प्याने मिळणार, जोतं झालं की थोडे, भिंती झाल्या की थोडे, छत झालं की उरलेले. फेडायचे रस्ते तीन. एक, घर पुरं होईपर्यंत नुसतं व्याज भरा, खरा हप्ता नंतर. दोन, पहिल्यापासून पुरा हप्ता. तीन, चढता हप्ता: आज हलका आणि जसजसा पगार वाढेल तसतसा जड.

"पगार वाढेलच असं कशावरून?" दशांशरावांनी विचारलं.

"सगळे वाढतो असंच लिहून देतात," बाई म्हणाल्या. "तुमचं ठरेपर्यंत मी नुसतं व्याज लावून ठेवते. पण लवकर ठरवा."

मग सुरू झाले सल्ले. माणूस आजारी पडला तर लोक निदान प्रकृती विचारतात. कर्ज काढलं म्हटल्यावर थेट औषधच सांगतात. मेहुणा आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "भाऊजी, नुसतं व्याज भरा आणि उरलेला पैसा कामाला लावा. पैसा झोपला की माणूस झोपला." हे सांगून तो स्वतः दुपारी तीन तास झोपला. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक जिन्यात अडवून म्हणाले, "पहिल्यापासून पुरा हप्ता! कर्ज हा दातातला कण आहे, अडकून राहिला की जीभ सारखी तिकडेच जाते." दशांशरावांनी दोघांचंही म्हणणं लिहून घेतलं, प्रत्येकाची वीस वर्षांची बेरीज केली आणि दोन्ही उत्तरं बघून त्यांची झोप उडाली.

"कुठला तरी एक ठरवा," बायको म्हणाली, "नाहीतर ठरवू नका. पण भिंतींना पाणी घाला."

हे पाणी घालायचं काम दशांशरावांच्या वाट्याला आलं होतं. नवी भिंत भिजत ठेवली नाही तर तडकते, आणि ठेकेदाराची माणसं भिंतीपेक्षा स्वतःला सावलीत जास्त जपत. तेव्हा ऑफिसला जायच्या आधी बांधकामावर जाऊन नळी धरायची, असं ठरलं.

जागा गावाच्या टोकाला होती. दशांशरावांनी ती तीन वर्षांपूर्वी बँकेच्या लिलावात घेतली होती, कुणाचंतरी अर्धवट राहिलेलं घर म्हणून. जोतं होतं, कमरेएवढ्या भिंती होत्या आणि मधल्या खोल्यांतून गवत वाढलं होतं. आधीच्या मालकाला हप्ते झेपले नाहीत. त्याला दशांशरावांनी कधी पाहिलं नव्हतं. लिलावात माणूस दिसत नाही, फक्त किंमत दिसते.

पहिल्या सकाळी ते पोहोचले तर भिंती ओल्या होत्या. वरवर शिंपडल्यासारख्या नव्हे. माणसाने प्रेमाने, कोपरा न् कोपरा भिजवाव्यात तशा. खाली पाण्याचे ओघळ अजून चालत होते. नळी गुंडाळून खुंटीला लावलेली. दशांशरावांना वाटलं, ठेकेदाराला उपरती झाली. त्यांनी फोन करून आभार मानले.

"माझी माणसं?" ठेकेदार हसला. "साहेब, माझी माणसं पिण्याचं पाणीसुद्धा दुसऱ्याला आणायला सांगतात."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते आणखी लवकर गेले, तरी तेच. नळीच्या तोंडाला थेंब लटकलेला, आणि आसपास चिटपाखरू नाही. दशांशरावांना राग आला, आणि त्या रागाला जरा थरथर होती. आपलं काम दुसऱ्याने केलं तर माणसाला बरं वाटायला हवं; पण ते कोण करतंय हे कळत नसलं की बरं वाटणं मानेमागे येऊन थांबतं.

मग स्वयंपाकघराच्या जमिनीवर सिमेंटचा थर टाकला. ठेकेदाराने बजावलं होतं, चोवीस तास पाय ठेवायचा नाही. सकाळी दशांशराव उंबऱ्यावर उभे राहिले आणि त्यांना पावलं दिसली. अनवाणी, लांबट, डाव्या पायाचा अंगठा जरा बाहेर वळलेला. दारातून आत गेलेली, संथ, एकामागून एक, समोरच्या भिंतीपर्यंत. तिथे दोन्ही पावलं शेजारी शेजारी, बराच वेळ कुणी उभं राहिल्यासारखी खोल रुतलेली.

परत येणारं पाऊल एकही नव्हतं.

दशांशरावांनी मोजमापाचा माणूस म्हणून त्या पावलांची लांबी टेपने घेतली. टेप गुंडाळताना तो दोनदा हातातून सुटला, ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नाही.

समोर एक शिंपीणबाई राहत होत्या. ओसरीत मशीन टाकून दिवसभर शिवत बसत. त्यांना गल्लीतलं सगळं माहीत असणार, म्हणून दशांशराव शर्टाचं बटण लावून घ्यायच्या निमित्ताने गेले. बटण आधी त्यांनी स्वतःच तोडलं होतं.

"या घराचे आधीचे मालक..." त्यांनी सुरुवात केली.

"चष्मेवाले? ते गेले ना," शिंपीणबाई दातांत दोरा धरून म्हणाल्या.

दशांशरावांनी विचारलं, "कधी?"

"झाली की तीन वर्षं. अगदी एकाएकी गेले. सकाळी माझ्याशी बोलले, संध्याकाळी पाहते तर नाहीत."

"काय झालं होतं?"

"कर्ज. दुसरं काय व्हायचंय माणसाला? बाजारात चष्म्यांचं दुकान होतं, तेही गेलं. या घरात फार जीव होता हो त्यांचा. रोज सकाळी स्वतः पाणी घालायचे भिंतींना, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

मशीन खडखडलं आणि थांबलं.

"आणि त्यांच्या... घरातून?"

"बायको? ती तर आजारीच असायची. तीही गेली त्यांच्याबरोबर. दोघं एकदमच गेली बिचारी." त्यांनी दोरा तोडला. "घ्या, झालं तुमचं बटण."

दशांशराव बटण न बघताच निघाले. ऑफिसात त्या दिवशी त्यांनी एका किराणा दुकानदाराचं किलोचं वजन सरळ पास केलं. दुकानदार घाबरला, त्याला वाटलं, साहेबांची तब्येत बरी नाही.

आता इथवर ठीक होतं. भूत असतं, नसतं, यावर लोकांची दोन मतं असू शकतात. पण महिनाअखेरीस दशांशरावांनी बँकेत जाऊन आपलं खातं तपासलं आणि त्यांच्या पायाखालची फरशी हलली. कर्ज कमी झालं होतं. त्यांनी भरलं त्याहून जास्त भरलं गेलं होतं.

"मधे कुणीतरी रोख भरलेत," बाईंनी पडद्यावर बघून सांगितलं. "दुसऱ्या गावच्या शाखेत. गेल्या महिन्यात आणि त्याच्या आधीच्याही."

"कुणी?"

बाईंनी नाव वाचलं. ते आधीच्या मालकाचं होतं.

"पण बाई," दशांशराव टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "ते गेले."

"हो, माहीत आहे," बाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या. "जागेचा नंबर तोच राहिलाय ना, म्हणून तुमच्याकडे जमा होतंय."

"गेलेला माणूस पैसे भरतो आणि तुम्हाला काही वाटत नाही?"

"भरणारा कोण हे बँक बघत नाही," बाई म्हणाल्या. "न भरणारा कोण, एवढंच बघते." आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

भीती ही एक चीज आहे आणि हिशोब ही दुसरी. दोन्ही एका माणसात नांदू लागल्या की त्याचं काय होतं हे दशांशरावांच्या घरी दिसू लागलं. रात्री जेवताना ते दचकून खिडकीकडे बघत, आणि जेवण झालं की पेन्सिल घेऊन बसत. आता रस्ते तीन नव्हते, चार होते. चौथ्यात नुसतं व्याज आपण भरायचं आणि मुद्दल त्यांनी. दशांशराव त्यांना 'ते' असंच म्हणत. ही बेरीज सगळ्यांत सुंदर येत होती.

मेहुण्याला हे सांगितलं तेव्हा तो गंभीर झाला. "नियमित भरतं का?"

"कोण?"

"भूत."

"आतापर्यंत तरी."

"मग भाऊजी, चढता हप्ता घ्या. खंड पडायची भीती जिवंत माणसाची. त्यांचं तसं नसतं, त्यांना नोकरी जायची चिंता नाही." मुख्याध्यापक मात्र म्हणाले की जे कर्ज मेल्यावरही सुटत नाही ते पहिल्या दिवसापासूनच पुरतं भरावं, यात त्यांचा मूळ मुद्दाच सिद्ध होतो.

बायकोने ताटं उचलली आणि म्हणाली, "ज्याचं घर आपण घेतलं, त्याच्याकडूनच हप्ताही घ्यायचा? लाज नाही वाटत?"

"मी कुठे मागायला गेलो?" दशांशराव दुखावले. "आणि परत करायचा तर कुठल्या पत्त्यावर?"

"भिंतींना पाणी कोण घालतंय ते बघा आधी. पत्ता तिथेच मिळेल."

सुट्टीच्या दिवशी दोघं निघाली. बायकोला आपण सोबत म्हणून नेत नसून बादली धरायला नेत आहोत, हे दशांशरावांनी वाटेत दोनदा स्पष्ट केलं. ती सकाळ धुक्याची होती. रस्त्याच्या कडेचे दिवे विझले होते पण उजेड आला नव्हता; घरं आपापल्या जागी नसून कुणीतरी आठवणीतून काढल्यासारखी अंधुक दिसत होती. समोरच्या ओसरीत शिंपीणबाई उठल्या होत्या. बायको त्यांच्याशी बोलायला थांबली, आणि बादली दशांशरावांकडेच आली.

आतून पाण्याचा आवाज येत होता.

थांबून थांबून. भिंतीवर पाणी पडल्याचा, मग शांतता, मग पुन्हा. दशांशराव उंबऱ्यापाशी आले. स्वयंपाकघरात, खिडकीच्या रिकाम्या चौकटीसमोर एक उंच माणूस पाठमोरा उभा होता. अंगावर धुवट, ढगळ शर्ट. पाय अनवाणी. डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळलेला. तो भिंतीला पाणी घालत होता आणि हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

बादली खाली पडली.

तो माणूस वळला. चेहरा ओढलेला, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि त्या काचांवर धुकं बसल्यामुळे डोळेच दिसत नव्हते. "घाबरू नका," तो म्हणाला.

हे वाक्य ऐकून आजवर कुणाची भीती गेली आहे? दशांशरावांनी दाराची चौकट धरली आणि सरकारी माणसाला शोभेल असा प्रश्न विचारला. "तुम्ही... गेलात ना?"

"गेलो होतो," तो माणूस खाली बघत म्हणाला. "पण तिथे जमेना. परत आलो."

"परत... येऊ देतात?"

"अडवतंय कोण? तिथे कुणी कुणाला विचारत नाही. माणूस आला काय न् गेला काय."

दशांशरावांना या बाबतीत नेहमीच कुतूहल होतं. ते नकळत म्हणाले, "कसं आहे तिथे?"

"गर्दी. एकेका खोलीत सहा-सहाजण. पाण्याचे हाल. आणि भाडं असं की विचारू नका."

"भाडं?" दशांशरावांचा आवाज चिरकला. एवढं सोसून वर गेल्यावर तिथेही भाडं, हा विचार त्यांना कुठल्याही भुतापेक्षा भयंकर वाटला. "कुणाला द्यायचं?"

"घरमालकाला," तो माणूस म्हणाला. मग त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि त्यामागून दोन अगदी साधे, थकलेले, जिवंत डोळे निघाले. "साहेब, तुम्ही बसा पाहू. तुमचा रंग बरा दिसत नाही. मी सहा तासांवरच्या गावाला गेलो होतो. तुम्हाला काय वाटलं?"

दशांशरावांना काय वाटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. विटांच्या ढिगावर बसून त्यांनी घाम पुसला. गेले म्हणजे गाव सोडून गेले! सगळी गल्ली सरळ भाषेत बोलत होती. इतका हलकेपणा त्यांना कित्येक महिन्यांत वाटला नव्हता. त्यांनी पावलांचं विचारलं. चष्मेवाले ओशाळले.

"आत येताना दारातूनच येतो, सवय आहे. निघताना उजाडलेलं असतं, समोरून कुणी बघेल म्हणून खिडकीतून उतरतो. आता दारातून बाहेर पडायचा हक्क कुठे राहिला? आणि त्या दिवशी जमीन ओली आहे हे चष्म्याशिवाय दिसलंच नाही. माफ करा."

"आणि बँकेत भरता ते?"

"घर गेलं तरी कर्ज राहतंच ना. थोडं थोडं फेडतोय. तिथे एका दुकानात काचा घासायचं काम करत होतो." ते भिंतीकडे वळले. "मी चढता हप्ता घेतला होता. दुकान वाढेल असं वाटलं. पुढे हिचं आजारपण निघालं. हप्त्याला घरातलं आजारपण कळत नाही हो, तो आपला चढत जातो."

दशांशरावांना आता या माणसाबद्दल माया वाटू लागली होती. काहीतरी आपुलकीचं बोलावं म्हणून त्यांनी विचारलं, "आणि मंडळी? त्याही आल्यात का बरोबर?"

"नाही," चष्मेवाले म्हणाले. "ती गेली."

"अच्छा!" दशांशराव शहाणे झालेल्या माणसाच्या उत्साहाने म्हणाले. "कुठे?"

चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. नळीतून पाणी जमिनीवर पडत होतं, तेवढाच आवाज.

"कुठे म्हणजे," ते म्हणाले, "गेली."

दशांशरावांना जमीन दुभंगावी असं वाटलं, पण ती त्यांनीच ओतलेली होती आणि पक्की होती. दारात त्यांची बायको येऊन उभी होती. तिने ऐकलं होतं. पुढे होऊन तिने नळ बंद केला, आणि म्हणाली, "खिडकी इथे त्यांनीच सांगितली होती का?"

"हो," चष्मेवाले म्हणाले. "तिला ओट्यापाशी सकाळचं ऊन हवं होतं. तुमच्या माणसांनी ही चौकट विटांनी बुजवायला घेतली होती, म्हणून मी... दोन ओळी काढून ठेवल्या मागच्या आठवड्यात. तिला विचारलं आणि काढल्या."

"कधी विचारलंत?" दशांशरावांनी विचारलं.

"तेव्हाच," चष्मेवाले म्हणाले, आणि या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं.

त्या आठवड्यात तिघंही बँकेत गेली. बाईंनी पडद्यात बराच वेळ पाहिलं. चष्मेवाल्यांचं कर्ज लिलावाच्या दिवशीच फिटलं होतं. त्यांच्याकडे बँकेचं काहीही येणं नव्हतं; फक्त हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. आईबापाविना पोर वाढवावं तसं तीन वर्षं ते एक नसलेलं कर्ज पाळत होते. सुरुवातीचे पैसे बँकेत बेवारस पडून होते, आणि दशांशरावांचं कर्ज सुरू झाल्यावर जागेच्या नंबराने सगळे त्यांच्या खात्यात येऊन पडले होते.

"मग यांचे यांना परत द्या," दशांशरावांची बायको म्हणाली.

"तुमच्या कर्जात वळते झालेत, ताई. आता निघत नाहीत. शिवाय यांच्या नावापुढे आमच्याकडे 'गेले' असा शेरा आहे. अर्ज करायचा तर आधी हे हयात असल्याचा दाखला लागेल."

"मी समोर बसलोय," चष्मेवाले नम्रपणे म्हणाले.

"ते मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "सिस्टीमला दिसत नाही." त्या खरंच कष्टी झाल्या होत्या. मग सवयीने त्यांनी दशांशरावांना विचारलं, "आणि तुमचं काय ठरलं? कुठला रस्ता?"

दशांशरावांच्या खिशात चारही रस्त्यांची गणितं होती. ती त्यांनी बाहेर काढली नाहीत. "पहिल्यापासून पुरा हप्ता," ते म्हणाले. "पण मुदत जितकी लांब देता येईल तितकी द्या. आजच्या पगारात आज बसेल एवढाच लावा, वाढीवर काही धरू नका. आणि यांचे पैसे मी महिन्याच्या महिन्याला यांना देईन." बेरीज चारही रस्त्यांपेक्षा वाईट येत होती, हे त्यांना माहीत होतं. मेहुणा पुढे वर्षभर त्यांच्याशी दयेने बोलायचा.

घर पुरं झालं. चष्मेवाल्यांनी गावात पुन्हा एक लहानसं दुकान मांडलं. महिन्यातून एकदा ते आपला हप्ता घ्यायला येत, दारातून येत आणि दारातूनच जात. पैसे न मोजता खिशात टाकत आणि स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या स्टुलाशेजारी बसत. स्टुलावर नाही, शेजारी. चहा होईपर्यंत खिडकीकडे तोंड करून हळूच काहीतरी सांगत. गिऱ्हाइकांचं, पाण्याचं, बाजारभावाचं. मधे थांबत. कधी हसत. दशांशरावांची बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून काम करत राही. पहिल्या महिन्यात तिने तीन कप मांडले होते. कितव्यातरी महिन्यापासून ती चार मांडू लागली. दशांशरावांनी मोजले, पण विचारलं नाही.

पुढे एकदा त्यांना पगारातली जुनी थकबाकी एकरकमी मिळाली. मेहुण्याचा लगेच फोन आला की कर्जात घालू नका, कामाला लावा. दशांशराव सकाळी ओट्याशी कागद घेऊन बसले. चष्मेवाले यायचा दिवस नव्हता. घरात दोघंच होती. खिडकीतून ऊन येऊन स्टुलावर पडलं होतं.

"काय करू गं?" त्यांनी विचारलं. "भरून टाकू की ठेवू?"

हातातलं भांडं तसंच धरून बायको खिडकीकडे वळली, क्षणभर थांबली, मान हलवली, आणि पुन्हा भांडं विसळू लागली.

"आम्हा दोघींना विचाराल," ती म्हणाली, "तर अर्धे भरा आणि अर्धे दुखण्याखुपण्याला राहू द्या."

दशांशरावांनी स्टुलावर टेकलेलं आपलं कोपर हळूच उचलून बाजूला घेतलं. उगाच कुणाला अडचण नको.